पाना उचलायच्या आधी

‘गाडी चालू होत नाहीये’ असा फोन आला की मी आधी एकच विचारते. चावी फिरवल्यावर नेमकं काय झालं? समोरचा माणूस बहुतेक वेळा गोंधळतो. काय होणार, चालूच झाली नाही ना! पण काही ना काही झालेलं असतंच. एक तर अजिबात आवाज आला नसेल. किंवा ‘टक्’ असा एकदाच आवाज येऊन सगळं गप्प झालं असेल. किंवा टकटकटकटक अशी झड लागली असेल. किंवा सेल्फ, म्हणजे इंजिनाला फिरवून सुरू करणारी मोटर, रेंगाळत, दमत फिरला असेल. नाही तर सेल्फ अगदी ठणठणीत फिरत राहिला, पण इंजिनानं उचल घेतली नाही. जुन्या गाडीच्या बाबतीत या पाच गोष्टी पाच निरनिराळ्या दिशांना नेतात. सेल्फ जोमात फिरत असताना बॅटरी बदलायला धावणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि सेल्फला दमच नसताना कार्बोरेटर खोलून बसलेलीही. दोन्हीकडे दिवस जातो, पैसे जातात, आणि गाडी तिथल्या तिथं.

आमच्याकडे १९८० च्या दशकातली प्रीमियर पद्मिनी आहे. कोल्हापुरात आमच्या आळीत तिला पद्मिनी कुणी म्हटलं नाही, सगळ्यांसाठी ती फियाटच. आबांनी ती नंबर लावून, वाट बघून घेतली. कोर्टात वकिली करताना रोज तीच गाडी, सुट्टीत सगळ्या घराला घेऊन कोकणात उतरायलाही तीच. आता ती मी चालवते. रोज नाही, पण पन्हाळा, गगनबावडा, कधी आंबा घाट एवढं तिचं माझं ठरलेलं आहे.

या गाडीचं घराणं आपल्याच मुलखातलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्यात कारखाना उभा केला. सुरुवातीला क्रायस्लरशी करार करून डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या. नंतर इटलीच्या फियाटशी जमलं आणि फियाट ११०० आली. तीच पुढं थोड्याफार फरकानं १९७४ पासून पद्मिनी या नावानं निघू लागली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे कितीतरी वर्षं हीच गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळं ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्या दिवशी पेपरात फोटो आले, लोकांनी आठवणी काढल्या. मला मात्र वेगळीच काळजी लागली. टॅक्सी होत्या तोवर या गाडीचं ज्ञान जिवंत होतं. भर रस्त्यात बंद पडलेली फियाट बॉनेट उघडून दहा-पंधरा मिनिटांत चालू करणारे हात मुंबईत हजारोंनी होते. त्या टॅक्सींसाठी सुटे भाग निघायचे, आणि त्यांच्यातलेच थोडेफार आमच्या कोल्हापूरपर्यंत पोचायचे. टॅक्सी गेल्या, आणि भागांपेक्षाही दुर्मीळ झाली ती दोष ओळखण्याची हातोटी.

ही हातोटी मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडं पाहिली. उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते: फाउंड्री, लेथ, ग्राइंडिंग, वेल्डिंग यांची गल्लोगल्ली दुकानं. एखादा बुश मिळत नसेल तर जुना दाखवायचा, संध्याकाळपर्यंत नवा करून मिळतो. अशा जागी हात चालवणाऱ्यांची कमी नाही. मिस्त्रींचं वेगळेपण असं, की त्यांचा हात सगळ्यात शेवटी चालायचा. गाडी टोचन लावून आणलेली असो की धक्का मारून, ते बॉनेटला हात लावत नसत. स्टुलावर बसून विचारायला लागायचे.

“कवा बंद पडली? गार असताना का तापल्यावर?”

“काल पाऊस हुता. उघड्यावर लावलीसा काय?”

“प्याट्रोल कवा भरलंसा?”

आणि मग, थोडं थांबून, “मदी कुणी हात लावला हुता काय गाडीला?”

लहानपणी मला वाटायचं, हे वेळ काढताहेत. आबा मात्र साक्षीदाराची उलटतपासणी ऐकावी तसे लक्ष देऊन ऐकायचे, आणि घरी आल्यावर म्हणायचे, मिस्त्री वकील झाले असते तर आमची पंचाईत होती. आता त्या चार प्रश्नांची किंमत कळते. गार असताना चालू होत नाही म्हणजे चोक, बॅटरी, पेट्रोल वर न येणं. तापल्यावर बंद पडून चालू होत नाही म्हणजे कॉइल, कंडेन्सर, किंवा पेट्रोलची वाफ होणं. पावसात उघड्यावर राहिली तर डेल्कोच्या, म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीत दमट हवा शिरलेली. पेट्रोल कालच भरलं असेल तर पाणी किंवा कचरा. आणि शेवटचा प्रश्न तर सगळ्यांवर मात करणारा. काल चालत असलेली गाडी आज चालत नसेल आणि मधल्या काळात तिला कुणी पाना लावला असेल, तर आधी तिथंच बघायचं. वायर तुटलेली नसते, परत लावायची राहिलेली असते. प्लगच्या वायरींचा क्रम बदललेला असतो. फियाटचे सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. यातल्या दोन वायरी उलटसुलट झाल्या तर बाकी सगळं उत्तम असूनही इंजिन नुसतं फुसफुसतं, कधी कार्बोरेटरमधून फटाका काढतं.

विजेपासून सुरुवात करू, कारण माझ्या अनुभवात जुन्या गाडीचे बहुतेक नकार विजेचे असतात आणि लोक तिथंच सगळ्यात घाई करतात.

सेल्फ फिरत नसेल तर एक परीक्षा आहे, तिला एक पैसा लागत नाही. हेडलाइट लावायचे, समोर भिंत असेल तर बरं, आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगायची. दिवे पार विझले तर बॅटरीत दम नाही किंवा बॅटरीच्या टर्मिनलवर जोड धड नाही. दिवे जसेच्या तसे लख्ख राहिले आणि सेल्फ हललाच नाही तर करंट सेल्फपर्यंत जातच नाहीये. सोलेनॉइड (सेल्फला मोठा करंट जोडून देणारी कळ), स्विच, त्याची बारीक वायर बघायची. दिवे मंदावले पण सेल्फ अडकून राहिला तर सेल्फच जाम आहे, नाही तर इंजिन. भिंतीवरच्या उजेडाकडं बघून एवढं कळतं. व्होल्टमीटर असेल तर आणखी पक्कं कळतं: पूर्ण चार्ज झालेली, थोडा वेळ विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, आणि सेल्फ मारताना आकडा दहाच्या खाली घसरत असेल तर तिच्याबद्दल शंका घ्यावी.

पण बॅटरी चांगली असूनही सेल्फला पोचत नाही, असंही होतं, आणि ते समजावून घेण्यासारखं आहे. सेल्फ इंजिनाला फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. एवढा करंट वाहत असताना वाटेत कुठं नुसता ०.०२ ओहमचा अडथळा असला, तर १५० अँपिअरला तीन व्होल्ट तिथंच खर्ची पडतात. बारातले तीन गेले, सेल्फच्या वाट्याला नऊ उरले. ०.०२ ओहम म्हणजे साध्या मीटरवर शून्यच दिसेल. टर्मिनलवर साठलेला पांढरा-हिरवट बुरा, आतून सैल झालेला क्लॅम्प, बोल्टखालचा गंज, यातलं काहीही तेवढा अडथळा करतं. म्हणून मिस्त्री वायरचं एक टोक काढून ओहम मोजत बसत नसत. सेल्फ चालू असताना बॅटरीचा शिशाचा खांब आणि त्यावरचा क्लॅम्प या दोघांमध्ये मीटरच्या सळ्या टेकवायचे. तिथं जवळजवळ शून्य यायला हवं. एक-दीड व्होल्ट दिसला तर चोर सापडला. काम करत असतानाच जोड तपासायचा, विश्रांतीत नाही, हे त्यांच्याकडून मी शिकले आणि पुढं घरातल्या मिक्सरपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळीकडं वापरलं.

यावरून आमच्याच गाडीची एक हकिगत. आबांनी फियाटचं डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं. रंग इतका सुरेख आला की शेजारपाजारचे बघायला आले. आणि त्यानंतर गाडी कुरकुर करू लागली. सेल्फ मारला की ‘घूं… घूं…’ असा जीव गेल्यासारखा आवाज, मग टक्. एका गॅरेजात बॅटरी बदलून झाली. दुसरीकडं सेल्फ उतरवून कार्बन ब्रश, बुश नवे घातले. प्रत्येक वेळी थोडं बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. शेवटी धक्का मारून ती उद्यमनगरात नेली.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. पेंटिंग झाल्याचं कळल्यावर त्यांनी मान वर केली, आणि मला म्हणाले, “ताई, तुमी बसा आत. चोक वढू नका. नुसता सेल्फ मारा, दमादमानं.” मी चावी फिरवली. घूं, घूं. ते इंजिनाकडं बघतच नव्हते. डॅशबोर्डमधून कार्बोरेटरकडं जाणाऱ्या चोकच्या केबलवर त्यांनी दोन बोटं ठेवली होती. परत मारायला सांगितलं. मग मला खाली बोलावलं.

“हात लावा हितं.”

केबल गरम होती. चटका बसण्याइतकी नाही, पण सकाळच्या गार गाडीत ती गरम असायला काही कारणच नव्हतं.

“ही कशापायी तापली, सांगा बघू.”

मला सांगता आलं नाही, आबांनाही नाही. मग त्यांनी समजावलं. इंजिन बॉडीवर बसलेलं असतं ते रबराच्या माउंटिंगवर. रबरातून वीज जात नाही. सेल्फ इंजिनाला बोल्ट केलेला, त्याचा परतीचा करंट इंजिनातून बॉडीला आणि बॉडीतून बॅटरीला परत जायला हवा. त्यासाठी इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली जाड पट्टी असते. ती पट्टी आमच्या गाडीत होती, बोल्टही घट्ट होता. पण पेंटिंगच्या वेळी पट्टी काढली, बॉडीवर रंगाचा हात मारला आणि वाळल्यावर त्या रंगावरच पट्टी परत आवळली. रंगाच्या थरानं वाट अडवली. आता दीडशे अँपिअरला परत जायला वाट कोणती? इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जी कुठली धातूची वस्तू सापडेल ती. चोकची बारीक पोलादी केबल सापडली. बिचारी तापली, आणि सेल्फला पुरेसं मिळेना.

मिस्त्रींनी बोल्ट काढला, बॉडीवरचा रुपयाएवढा रंग पॉलिश पेपरनं खरवडून पत्रा उघडा केला, पट्टीचं टोकही घासलं, वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं, पुन्हा गंज चढू नये म्हणून. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. किती पैसे, विचारल्यावर त्यांनी जो आकडा सांगितला तो बॅटरीच्या किमतीपुढं काहीच नव्हता. आबांनी त्यांना त्याहून बरेच जास्त दिले, आणि मला वाटतं ते योग्यच होतं. पत्रा खरवडण्याला पैसे पडत नाहीत, कुठला पत्रा खरवडायचा हे कळण्याला पडायला हवेत. आपल्याकडं गॅरेजच्या बिलात भागाची किंमत लिहिलेली असते, मजुरी लिहिलेली असते, निदानाचा रकाना नसतो. मग मेकॅनिकला पैसे मिळायचे तर काही तरी बदलावंच लागतं. गिऱ्हाईकालाही हातात जुना भाग मिळाला की समाधान वाटतं. यात मी एकट्या मेकॅनिकला दोष देणार नाही. ओळखण्याचे पैसे द्यायला आपण तयार नसलो तर ओळखणारी माणसं उरणार कशी?

आता सेल्फ जोमात फिरतोय आणि इंजिन धरत नाही, अशी दुसरी बाजू. इथं प्रश्न दोनच. ठिणगी आहे का, आणि पेट्रोल आहे का. (तिसरा कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचा, पण काल चालणाऱ्या गाडीचं कॉम्प्रेशन एका रात्रीत सहसा जात नाही. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत बेल्ट तुटला तर मात्र जातं, आणि मग सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका, भरभर, अडखळ न घेता येतो. कानाला लगेच कळतं.)

ठिणगीसाठी एक प्लग काढून त्याच्याच वायरला लावायचा, प्लगचं धातूचं अंग इंजिनाला नीट टेकवायचं, आणि सेल्फ मारायचा. प्लगचं भोक आणि कार्बोरेटर यांच्यापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. निळी, ‘चट्’ असा आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, लालसर, बिनआवाजाची ठिणगी दिसली तर ती मोकळ्या हवेत दिसते म्हणून फसू नका. सिलिंडरमध्ये दाबाखाली ती उडेलच असं नाही. हे जुन्या पॉइंटवाल्या गाड्यांबद्दल. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत वायर हवेत लटकती ठेवून सेल्फ मारू नये, मॉड्यूल जळायची भीती असते.

फियाटची ठिणगी तयार होते ती पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास बसवली, आणि कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाड्यांना विजेचा सेल्फ दिला तोही त्यांनीच. पुढं साठ-सत्तर वर्षं जगभरच्या गाड्या त्याच पद्धतीवर चालल्या. डेल्कोच्या टोपीखाली सीबी पॉइंट असतात, दोन छोट्या टिकल्या एकमेकींना चिकटलेल्या. त्या चिकटलेल्या असताना कॉइलमधून तीन-चार अँपिअर वाहतात आणि कॉइलमध्ये चुंबकत्व साठतं. आतला चौकोनी कॅम फिरत येऊन टिकल्या उघडतो, करंट तुटतो, चुंबकत्व कोसळतं, आणि कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यांमध्ये पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. तीच ठिणगी. टिकल्या उघडताना त्यांच्यातच ठिणगी उडू नये म्हणून शेजारी करंगळीच्या पेराएवढा कंडेन्सर.

मी पहिल्यांदा ते पॉइंट भिंगातून पाहिले तेव्हाचं चित्र अजून डोळ्यांपुढं आहे. एका टिकलीवर बारीक खड्डा, समोरच्या टिकलीवर नेमका तेवढाच उंचवटा. धातू एकीकडून उठून दुसरीकडं जाऊन बसलेला, कणाकणानं, हजारो किलोमीटर. असं फार झालं तर कंडेन्सर बरोबर जुळत नाही असं समजावं. टिकल्या काळ्या-निळ्या जळाल्या असतील तर कंडेन्सर गेलाच. आणि त्या अगदी स्वच्छ, चांदीसारख्या दिसत असूनही ठिणगी नसेल, गाडी कितीतरी दिवस उभी असेल, तर टिकल्यांवर डोळ्यांना न दिसणारा एक पापुद्रा धरलेला असतो. २०२० च्या लॉकडाऊननंतर असल्या कितीतरी गाड्यांबद्दल मला विचारणा झाली. बॅटरी चार्ज केली, पेट्रोल ताजं भरलं, तरी ठिणगी नाही. पेट्रोलमध्ये बुडवलेला जाडसर कोरा कागद टिकल्यांमधून ओढला, मग कोरडा ओढला, गाडी चालू.

पॉइंटची फट फिलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, बघायची, कॅमच्या उंचवट्यावर आणून, साधारण ०.४ मिलिमीटर. कॅमला घासणारी फायबरची टाच झिजत जाते तशी फट मिटत येते. म्हणजे हा दोष हळूहळू चालत येतो, एका सकाळी अचानक उगवत नाही. आदल्या महिन्यात गाडी ओढायला कमी पडत होती का, हे विचारलं की दुजोरा मिळतो. टेस्ट लॅम्प असेल तर तो कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला आणि बॉडीला लावून सेल्फ मारावा. दिवा उघडझाप करत असेल तर पॉइंट काम करताहेत. सतत पेटलेला असेल तर टिकल्या जुळत नाहीत. पेटतच नसेल तर त्या उघडत नाहीत, कंडेन्सर शॉर्ट आहे, किंवा कॉइलपर्यंत करंटच नाही. एक साधा बल्ब आणि दोन वायरी, यापलीकडं काही लागत नाही.

आमच्याकडच्या पावसाळ्यात मात्र आधी टोपीच काढून बघावी. गगनबावड्याला धुक्यात रात्रभर राहिलेल्या गाडीच्या टोपीत आतून घाम आलेला असतो. कोरड्या फडक्यानं पुसली की काम झालं. पुसताना आतल्या बाजूला पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी, नागमोडी रेघ दिसते का बघा. तिथून ठिणगीनं आपली चोरवाट केलेली असते. अशी टोपी पुसून चालत नाही, बदलावी लागते.

पेट्रोलचं काम त्या मानानं सोपं. ठिणगी निळी आहे, मग कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर पेट्रोल टाकायचं, डबा बाजूला नेऊन झाकण लावायचं, आणि सेल्फ मारायचा. गाडी क्षणभर चालू होऊन बंद पडली तर प्रश्न मिटला: खालून पेट्रोल वर येत नाहीये. मग एसी पंपाचा (टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरकडं ढकलणाऱ्या पंपाचा) पडदा, पाइपची चीर, फिल्टर, कार्बोरेटरच्या जेटमधला कचरा, असं टाकीकडून कार्बोरेटरकडं एकेक जोड सोडून बघत यायचं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी गाडी काही अंतर जाऊन थांबते. झाकण सैल केलं की ‘सुस्स’ होतं. उलट प्लग ओला आणि काळा निघाला, पेट्रोलचा वास सुटला, तर जास्त झालंय. तेव्हा चोक आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा.

इथं एका नव्या गोष्टीकडं जुन्या गाडीवाल्यांनी लक्ष द्यायला हवं. २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत आलं. आमच्या जिल्ह्यातले साखर कारखानेही इथेनॉल करतात, उसाला त्यातून आधार मिळतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फियाटच्या काळातले रबरी पाइप आणि पंपाचे पडदे या इंधनासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पाणी फार झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर हे फार बाधतं. मी सगळे पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घालून घेतले आणि पंपाचा पडदा वरचेवर बघते. पडदा फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइलची पट्टी काढली की ती आधी नाकाशी धरायची सवय लावून घेतली आहे.

एक गोष्ट नव्या भागांबद्दल. दुकानातून आणलेला भाग नवा आहे म्हणून चांगला आहे असं धरून चालू नये. आता मिळणारे कंडेन्सर आणि डेल्कोतले फिरते रोटर जुन्यांच्या तोडीचे असतीलच असं नाही. मिस्त्रींनी सांगितलेली रीत मी पाळते: चालत्या गाडीतला जुना, खात्रीचा कंडेन्सर आणि पॉइंट काढून कागदात गुंडाळून डिकीत ठेवायचे, आणि नवे घालून घराजवळ चालवून बघायचे. म्हणजे घाटात हाताशी येतो तो पारखलेला भाग. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन बदलल्या आणि गाडी चालू झाली, तर कशानं झाली हे कधीच कळत नाही.

नव्या गाड्यांना हे लागू नाही, त्यांना स्कॅनर लावला की कळतं, असं मला तरुण मुलं सांगतात. स्कॅनर मलाही आवडतो. पण तो सांगतो की अमुक सेन्सरचा सिग्नल येत नाही. सेन्सर बिघडला, त्याची वायर उंदरानं कुरतडली, की कनेक्टरमध्ये पाणी गेलं, हे बघायला माणूसच वाकतो. आमच्या भागात पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली शिरतात, आणि त्यांनी तोडलेल्या वायरीपायी नवाकोरा सेन्सर बदललेला मी पाहिला आहे. तिथंही “गाडी कुठं उभी होती?” हा प्रश्न स्कॅनरच्या आधीच यायला हवा.

मिस्त्रींनी आता काम थांबवलं आहे. त्यांच्या जागेवर दुचाकीचं गॅरेज आहे, तिथल्या मुलांशी माझं बरं जमतं. मिस्त्रींच्या सांगण्यावरून मी एक वही घातली आहे. डाव्या पानावर गाडीनं काय केलं ते, शक्य तितकं तिच्याच आवाजात. उजव्या पानावर काय बघितलं, काय सापडलं. काय सापडलं नाही तेही, कारण पुढच्या वेळी तेच कामाला येतं.

सध्याचं पान अर्धं आहे. गाडी सकाळी अर्ध्या फटक्यात चालू होते. गगनबावड्याचा चढ चढून चहाला थांबलं आणि लगेच निघायचं म्हटलं की सेल्फ उत्तम फिरतो, इंजिन धरत नाही. वीसेक मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी निघते. संशयित दोन: पंपात पेट्रोलची वाफ होतेय, किंवा तापल्यावर कॉइल नाही तर कंडेन्सर दम सोडतोय. पंपावर ओलं फडकं टाकलं की चालू होते, पण तेवढ्यात कॉइलही निवलेली असते, त्यामुळं त्यावरून निवाडा होत नाही. म्हणून या रविवारी फडकं टाकायचं नाही असं ठरवलंय. जादा प्लग आणि पक्कड पुढच्या सीटवरच ठेवणार, आणि थांबल्या थांबल्या, गाडी निवायच्या आत, आधी ठिणगी बघणार. निळी निघाली तर पंपाचा पाइप इंजिनाच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून लांब वळवायचा. पिवळी निघाली तर तिथंच डिकीतला जुना कंडेन्सर घालायचा, आणि तरीही पिवळीच राहिली तर कॉइल.